जुन्या शॉकअपची गिऱ्हाइकं

रविवारी राइडवरून परत येताना आम्ही कंधारच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबतो. तिथं कुणीतरी एक किस्सा काढतो. तो संपायच्या आत दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो. असं करत करत इतके किस्से साठलेत की आता टपरीवालाच म्हणतो, "तो म्हशीचा सांगा की, या पाहुण्यांनी ऐकला न्हाई!"

आम्ही चौघं. मी नांदेडचा, माझं टाइल्स आणि बाथरूम फिटिंगचं दुकान. शिवलिंग अप्पा लातूरचे, कापडाचे व्यापारी, आमच्यात वयानं मोठे. मिलिंद वीज खात्यात वायरमन, नेमणूक कंधार भागात. आणि इरफानभाई, ज्यांच्या नांदेडच्या गॅरेजमध्ये आमच्या गाड्या उघडतात आणि मिटतात. चौघांकडे एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, खडकामातीतून पळवायची डर्ट बाइक.

या गाडीचे समोरचे शॉकअप, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन बाजूंच्या लांब नळ्या, रस्त्यावर उत्तम. पण खडकातून उडी मारली की खाली आपटतात आणि मनगटं खिळखिळी होतात. म्हणून आम्ही एकेक करून नवे, उंच शॉकअप मागवले. नवे बसले की जुने उरतात. चांगले असतात, ओरिजिनल असतात, फेकवत नाहीत. मग ते विकायचे. किस्से सगळे तिथून सुरू होतात.

* * *

पहिला नंबर माझा. इरफानभाईंनी नवे शॉकअप बसवले, जुने पोत्यात घातले, वर सुतळी बांधली आणि पोतं माझ्या मांडीवर ठेवलं.

मी म्हटलं, "राहू द्या की इथंच. कुणी विचारलं तर देऊन टाका."

"नै भाई. मेरे पास जगा नै! जो निकालता उसने संभालना."

पोतं घेऊन घरी आलो. ऑनलाइन जाहिरात टाकली: ओरिजिनल शॉकअपची जोडी, कुठं गळत नाही. संध्याकाळी पहिला फोन बिलोलीहून.

"शॉकअप हाय का अजून?"

"आहे."

"एकच देता का? माझा डावाच गेला हाय."

मी समजावलं, जोडीच बदलावी, एक नवा आणि एक जुना असला की गाडी एका बाजूला ओढते. तो म्हणाला, "उजवा गरीब जागच्या जागी चांगला हाय हो. त्याला कशाला हात लावू?" फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात त्याच नंबरवरून पुन्हा फोन. आवाज पार उतरलेला.

"मालक, उजव्यानंबी साथ सोडली."

त्या माणसाच्या आवाजात असं दुःख होतं की मला हसता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, जोडी घेऊन गेला. जाताना आपल्या गाडीच्या उजव्या बाजूला हात लावून म्हणाला, "लई चालला बिचारा!"

* * *

तो महिनाभर जोडी माझ्या दुकानात होती. घरात बायको ठेवू देईना, म्हणून मी पुसून-पासून शोरूमच्या फळीवर ठेवली होती. शेजारी शॉवर, नळ, टॉवेलच्या दांड्या. चकचकीत वस्तू चकचकीत वस्तूंमध्ये शोभून दिसते.

कंधारकडचे एक निवृत्त गुरुजी बायकोला घेऊन आले. नवं घर बांधत होते. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेली माणसं. बाई प्रत्येक नळ उघडून-मिटून पाहत होत्या, किंमत विचारत होत्या आणि परत ठेवत होत्या. शेवटी फळीपाशी थांबल्या.

"हा कसला शॉवर हो?"

मी तोंड उघडायच्या आत गुरुजींनी दोन्ही हातांनी शॉकअप उचलून तोलला. बराच वेळ तोलला. मग बायकोकडं वळून म्हणाले, "वजनदार हाय. टिकंल."

आणि मला म्हणाले, "दोन्ही बाथरूमला एक-एक द्या!"

* * *

मग अप्पांनी बदलले. अप्पांनी जुने शॉकअप धोतराच्या कापडात गुंडाळून दुकानाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. चार दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. त्यांच्या नजरेतून सुटेल अशी वस्तू लातूरच्या बाजारात अजून यायची आहे.

"हे काय?"

"जुने शॉकअप. विकायचेत."

"खराब झालेत?"

"न्हाई न्हाई. एकदम चांगले हायत."

"नवे घेतले ते चांगले म्हणून?"

"हाव."

"आणि जुने विकता ते बी चांगले म्हणून?"

"हाव."

"मग बदलले कशाला?"

अप्पांनी आम्हाला हा प्रसंग टपरीवर सांगितला. मिलिंदनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, उडीचं, खडकाचं काहीतरी सांगू लागला. अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाले, "ते सांगितलं मी. ती म्हणाली, उडी मारायची कशाला?"

* * *

अप्पांच्या जोडीला नांदेडचं गिऱ्हाईक मिळालं. कॉलेजात शिकवणारा तरुण माणूस, नवी नोकरी, जुनी बाइक. तो इरफानभाईंच्या गॅरेजात बसवून घेणार होता. अप्पा मुद्दाम लातूरहून आले.

इरफानभाईंकडं टेबलावर एक जाड काच असते. विकायला आलेली प्रत्येक नळी ते काचेवर लोळवतात. उजवी सरळ लोळली. डावी मध्येच किंचित डुलली.

"अप्पा, ये गिरी थी क्या?"

अप्पांना एक पडझड आठवली, पण ते म्हणाले, "किरकोळ."

"वाकलेली आहे," इरफानभाई म्हणाले.

तो तरुण खाली वाकून बघत म्हणाला, "मला तर दिसत नाही. चालेल मला."

"तुमकू चलती. मेरेकू नै."

अप्पांचा चेहरा लाल झाला. बाजारात तीस-पस्तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर कापड उधार सुटतं, त्या माणसाची वस्तू परक्यासमोर नाकारली गेली होती. त्यांनी शॉकअपचं गाठोडं उचललं आणि निघून गेले. पुढचे दोन रविवार राइडला आले नाहीत. आम्हाला वाटलं, संपलं. ही दोस्ती एका नळीवरून गेली.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी इरफानभाईंना फोन करून लातूरला बोलावलं. मीही गेलो, म्हटलं दोघांच्या मध्ये कुणी तरी असावं. अप्पांनी आम्हाला दुकानात आत नेलं. कपडे घालून पाहायच्या खोलीला नवा पडदा लावला होता. पडद्याची दांडी म्हणजे ती वाकडी नळी!

अप्पा म्हणाले, "बघा. इथं चालती का?"

इरफानभाईंनी पडदा एकदा इकडं ओढला, एकदा तिकडं. गंभीरपणे मान हलवली.

"यहां चलती."

मग दोघं जेवायला गेले. मला विसरून!

* * *

टपरीवाल्याला आवडतो तो म्हशीचा किस्सा मिलिंदचा.

औशाजवळच्या एका गावात जनावरांच्या डॉक्टर मॅडम आहेत. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत जीप जात नाही, म्हणून त्यांनी आमच्यासारखीच बाइक घेतलेली. दगडावर आदळून त्यांचे समोरचे शॉकअप वाकले. मिलिंदनं नुकतेच बदलले होते. फोनवर ठरलं, औशाच्या बसस्टँडवर भेटायचं.

मिलिंद पोतं घेऊन उतरला तर मॅडमचा फोन. "मी शेतात आहे. म्हैस अडलीय, मला निघता येत नाही. रिक्षा करून तुम्हीच या."

मिलिंद गेला. रिक्षा चिखलात थांबली, तिथून पुढं चालत. गोठ्यात म्हैस आडवी पडलेली. सकाळपासून कळा देऊन देऊन तिचे डोळे पांढरे झाले होते. मॅडम खांद्यापर्यंत हात आत घालून बसलेल्या. शेतकरी जोडपं दोन्ही बाजूंना. रेडकाचे पुढचे पाय दोरीनं बांधले होते, पण दोरीला आडवी लावलेली काठी ओढताना मोडून पडली होती. नुसती दोरी हाताला कापत होती.

मॅडमनी वर न बघताच विचारलं, "कोण? काहीतरी मजबूत आहे का हातात?"

मिलिंदच्या हातात पोतं होतं. त्यानं सुतळी तोडली आणि एक शॉकअप पुढं केला.

दोरी मधोमध बांधली. एका टोकाला मिलिंद, दुसऱ्या टोकाला शेतकरी.

"मी सांगीन तेव्हाच ओढायचं," मॅडम म्हणाल्या. "तिनं कळ दिली की. झटका नाही द्यायचा."

मिलिंद सांगतो, "मी विजेच्या खांबावर चढतो, वरची लाइन चालू हाय का बंद, याच्यावर जीव असतो. पण असा घाबरलो न्हाई कधी. ती म्हैस माझ्याकडं बघून राहिली होती."

कळ आली, ओढलं. थांबले. पुन्हा आली, ओढलं. शेतकऱ्याची बायको म्हशीच्या मानेवरून हात फिरवत पुटपुटत होती, "दे माय, दे." आणि एकदम सगळं रेडकू बाहेर आलं. मिलिंद आणि शेतकरी दोघंही चिखलात पाठीवर पडले.

रेडकू हललं नाही.

मॅडमनी त्याच्या नाकातोंडातली घाण काढली, कडब्यानं अंग चोळलं, छाती चोळली. मिलिंद म्हणतो, पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा होता. मग रेडकू शिंकलं. शेतकरी तिथंच चिखलात बसून रडायला लागला.

मॅडमनी बादलीत हात धुतले, तो शॉकअप धुतला, उजेडाकडं धरून एक डोळा मिटून पाहिला.

"ओढताना वाकला नाही," त्या म्हणाल्या. "घेते!"

* * *

हा शेवटचा टपरीवर कुणी काढत नाही. मीही क्वचितच सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मी गाडी बदलली. मॉडेल तेच, रंग नवा. तिचेही समोरचे शॉकअप बदलले आणि सवयीप्रमाणे जाहिरात टाकली. उदगीरच्या पुढच्या एका गावातून फोन आला. आवाज वयस्क. "ओरिजिनलच हायत ना मालक? मी येतो. ठेवा."

सकाळच्या एसटीनं ते आले. साठीच्या आसपास, कपाळाला विभूती, डोक्याला पांढरी टोपी. मराठी बोलताना मधूनच कानडी वळण. नाव वीरभद्रप्पा. पाणी प्यायले, शॉकअप हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, "हे लावल्यावर चाक सरळ होतं ना?"

"होतं. गाडी कुणाची?"

"पोराची."

"त्याला आणायचं की सोबत. बसवायचं कसं ते दाखवलं असतं."

"गेला तो," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी. एकटाच होता, माळावर. गाडी समोरून मोडली. आणून भिंतीला टेकून ठेवली हाय. त्याची आई येता-जाता बघती ते मोडलेलं चाक. म्हटलं, सरळ करून ठेवावी."

मी पोतं बांधायला घेतलं. माझी सुतळी बांधून होईस्तोवर ते दुकानाच्या मागच्या दारातून माझ्या गाडीकडं बघत होते.

"हीच ना ती? अशीच?"

"हो. रंग वेगळा असेल."

"गावातली पोरं म्हणतात, तो उभा राहून चालवायचा. मी कधी बघितलं न्हाई. माझ्यासमोर बसूनच चालवायचा. मी रागवायचो ना." मग म्हणाले, "उभं राहून कसं चालवतात, ते दाखवता का मला?"

माझ्या गोदामाच्या मागं मोकळं मैदान आहे. मुरमाचे ढीग, खड्डे, बांधकामाची माती. मी त्यांना मागं बसवून तिथं नेलं. ते एका ढिगापाशी उभे राहिले, पोतं पायाशी. मी हेल्मेट घातलं, फूटरेस्टवर उभा राहिलो आणि मैदानाला एक चक्कर मारली. ढिगावर चढवली, उतरवली. आयुष्यात इतक्या जपून मी कधी गाडी चालवली नव्हती.

परत आलो. ते डोळ्यांवर हाताची सावली धरून अजून मैदानाकडंच बघत होते.

"उभं राहिल्यावर लांबचं दिसतं का हो?"

"दिसतं."

"लई लांबचं?"

"बसल्यापेक्षा बरंच लांबचं."

त्यांनी मान हलवली. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला वाटलं आता निघतील, म्हणून मी हेल्मेट काढायला लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आणखी एकदा जावा," ते म्हणाले. "पर सावकाश."