दित्याच्या सुरीची मूठ

ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाण्याआधी आम्हाला वीस दिवसांची रजा मिळाली. मी लान्स नायक, लोणखेड्याच्या शेतकरी घरातला. माझ्या सेक्शनमधला सिपाही दित्या मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा. त्याचे वडील लोहार होते.

ट्रेनिंग सेंटरात आम्ही लाकडी सुरीने झुंजायला शिकलो होतो. निघताना उस्ताद म्हणाले, "बेल्टला स्वतःची सुरी लावलीत तरी चालेल. घेताना आधी हाताला बसते का बघा, मग डोळ्याला. आणि सुटून पळता येत असेल तर तिला हात लावू नका."

बाजाराच्या दिवशी मी दित्याकडे चढून गेलो. त्याचे वडील नुसते पाते देत. मूठ गिऱ्हाइकाने तिथेच बसून आपल्या हाताच्या मापाने तासायची, अशी रीत होती. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकलेली दिसे. दित्या दोन तास धावड्याचे लाकूड तासत बसला. मला तेवढा धीर नव्हता. खाली बाजारात मी पितळी मुठीची चकचकीत सुरी घेतली.

दित्याने ती कानाजवळ हलवली. आत बारीक खडखड झाली.

"दादा, लगीनमा मिरवाले लिधी का?"

"तू तुन्ही दख."

"दखाले बरी शे. धराले नई."

आघाडीवर पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारे घेऊन मोर्चावर सज्ज उभे राहायचे, मग शस्त्रसफाई, मग पेट्रोल म्हणजे गस्त. संध्याकाळी लाकडी सुरीचा सराव. त्यात दित्या मला रोज हरवायचा. महिन्याभरात माझी पितळी मूठ डुगडुगू लागली. मी आत चिंधी कोंबली आणि कोणाला सांगितले नाही.

एके दिवशी अकरा वाजता पेट्रोलचा हुकूम आला. मी दित्याला म्हणालो, "आज तुन्ही सुरी माले दे, मन्ही तू लाव. सांजले देसू."

त्याने माझ्या बाहीवरच्या लान्स नायकाच्या फितीकडे पाहिले. "ले, दादा."

दुपारी एक वीसला बांबूच्या बेटात डावीकडून फायर आला. मी ओरडलो, "डाउन! ब्रेनगन, लेफ्ट!" तिघे जपानी रायफल फिरवायलाही जागा नाही इतक्या जवळ आले. त्यातला एक दित्यावर तुटून पडला. दित्याने सुरी उपसली. हातात नुसती पितळी मूठ आली, पाते म्यानातच राहिले. मी सहा पावलांवर होतो. पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

वायरलेसवर कळवले, "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

कॅम्पात सुभेदारसाहेबांनी ती मूठ उचलली. "छुरी किसकी?"

"उसीकी, साब. उसके बाप की बनाई हुई."

फीत जाईल, या भीतीने मी खोटे बोललो. मुलाच्या मरणाचा दोष बापाच्या हातावर टाकला. त्याच्या घरी पत्र तसेच गेले. दित्याच्या सामानाबरोबर मोडकी सुरीही गेली. त्याची खरी सुरी माझ्या ट्रंकेत राहिली. मोलगीच्या वर मी पुन्हा कधी गेलो नाही.

यंदा गेलो. वडील केव्हाच वारले होते. दित्याची धाकटी बहीण भेटली, तीही आता म्हातारी. मी उभ्यानेच सगळे सांगितले आणि सुरी तिच्यापुढे ठेवली.

ती आत गेली. पितळी मूठ घेऊन बाहेर आली.

"बा नी पहिल्याच दिनले सांगं, हाई मन्हं काम नई. म्हने, खरी सुरी कोनी तरी लई येई. त्याले बसाडा, पानी द्या."

म्हाताऱ्याने तो दोष एक दिवसही अंगावर घेतला नव्हता. मी बसलो. तिने पाणी दिले, मी तांब्याभर प्यायलो. इतक्या वर्षांनी छाती मोकळी झाली.

नोंद दुरुस्त करतो. मोडलेली सुरी माझी होती. दित्याची शाबूत आहे. पाड्याबाहेर त्याच्या नावाचा दगड आहे, त्याच्यापाशी आम्ही ती ठेवली. ठेवण्याआधी एकदा मुठीत धरून पाहिली. त्याच्या चार बोटांच्या खाचा अजून तशाच आहेत. माझी बोटे त्यांत बसली नाहीत.