बास नसलेल्या धरणावरची सहल

आयर्लंडच्या गोड्या पाण्यात बास नावाचा मासा नाही. समुद्रात असतो; धरणात, तळ्यात, नदीत नाही. ही माहिती फोनवर अर्ध्या मिनिटात मिळते. कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातल्या आम्हा सात मराठी इंजिनिअरांना ते अर्धं मिनिट सापडलं नाही.

या प्रकाराचे कर्तेकरविते आमचे तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हणजे क्वालिटीमधला माझा सहकारी, मूळचा पुण्याचा. गेल्या वर्षी त्याला पाव भाजायचं वेड होतं, त्याआधी सायकलचं. या उन्हाळ्यात त्याने महिनाभर अमेरिकन व्हिडिओ पाहिले: उथळ धरण, कडक ऊन, चकचकीत होडी आणि टोपीवाला एक जाडा माणूस बासचा मुका घेतोय. झालं! कॉफी घेता घेता हा पाण्याच्या तापमानावर प्रवचन देऊ लागला. मासा याने पाहिलेला फक्त ताटात, आणि तिथेही काटे बायकोने काढून दिलेले.

सहलीसाठी त्याने चक्क एसओपी, म्हणजे कारखान्यात असते तशी लेखी कार्यपद्धती, लिहिली. चार पानांची पीडीएफ ग्रुपवर आली. उद्देश, व्याप्ती, जबाबदाऱ्या, सगळं साग्रसंगीत. कलम सहा: पकडलेला प्रत्येक मासा मोजून, फोटो काढून, तीस सेकंदांत पाण्यात परत सोडायचा. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढून पगार घेतो. हा कागद मी न वाचताच खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. बाकीच्या पाचांनीही टाकलं.

मी गेलो ते अण्णांसाठी, माझ्या वडिलांसाठी. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे कॉर्कला आले होते, तीन महिन्यांसाठी. त्यांची सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात एका धरणावर, चौकीदार म्हणून. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गुडघाभर पाण्यात उभे राहून ते गळाने मरळ काढायचे. इथे ते सोफ्यावर बसून होते. चहाचा कप कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवायचा हेसुद्धा विचारायचे. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला त्यांचं बोलणं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि ते नुसती मान डोलवायचे. परतीला चार दिवस उरलेले असताना सहलीचं कानावर आलं तेव्हा म्हणाले, "मला बी ने की. पोरीला एकदा माझ्या हातचा मासा खाऊ घालतो, मंग जातो." तीन महिन्यांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

धरणावर ढग होते आणि बोचरा वारा. आमच्या तज्ज्ञांनी तरीही काळा गॉगल लावला, खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवलं आणि रबरी बेडूक बांधलेला गळ भर मध्यावर भिरकावला. बाकीचेही तसेच भिरकावू लागले. दोन तासांत एकाने शेवाळ काढलं, एकाने दुसऱ्याची टोपी. तज्ज्ञ म्हणाला, "आज हवेचं प्रेशर बरोबर नाहीये यार."

अण्णांनी रबरी बेडूक हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि मला परत दिला. सकाळीच बागेतली माती उकरून त्यांनी दह्याच्या डब्यात गांडुळं भरून आणली होती. "काका, जिवंत आमिष एसओपीत नाहीये," तज्ज्ञ म्हणाला. अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, विजार वर खोचली, आणि काठाच्या लव्हाळ्यापाशी उथळ पाण्यात गळ सोडून उभे राहिले. पाव तासात त्यांनी वीतभर मासा काढला, अंगावर काळे पट्टे, पर लालसर. "बास! बास!" म्हणत तज्ज्ञ फोन काढून धावला. तोवर अण्णांनी माशाचं डोकं दगडावर आपटून त्याला शांत केलं होतं. खायचा मासा असाच मारतात. लहानपणी मी हे शेकडो वेळा पाहिलंय.

"काका, मारलात? अहो, कलम सहा!"

सगळे आमच्याकडे बघू लागले. पलीकडे खुर्ची टाकून बसलेला एक आयरिश म्हाताराही बघत होता. आता हा तक्रार करणार, असं मला वाटलं. मला लाज वाटली. अण्णांच्या मातीने भरलेल्या नखांची, वर खोचलेल्या विजारीची, माकडटोपीची. मी त्यांच्या हातातून मासा काढून घेतला आणि "इथे सोडायचा असतो, अण्णा" म्हणत पाण्यात फेकला. मेलेला मासा कुठे जाणार? पोट वर करून तो आमच्यासमोर तरंगत राहिला, आणि मग वाऱ्याने आत गेला. अण्णांनी हात धुतले आणि गळ गुंडाळायला घेतला.

म्हातारा उठून आला. हा बास नव्हे, पर्च, असं त्याने शांतपणे सांगितलं. बास इथल्या कुठल्याच तळ्यात नाही. एवढा लहान पर्च घरी न्यायला काही हरकत नसते, तळून ग्रँड लागतो. "युअर मॅन नोज हिज फिशिंग," अण्णांकडे बोट करून तो म्हणाला. मग मला विचारलं, "तू तो टाकलास कशाला?"

तज्ज्ञ म्हणाला की एसओपीची सुधारित आवृत्ती काढू.

अण्णांनी पुन्हा गळ टाकला नाही. मी दोनदा म्हटलं, ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." येताना मी सुपरमार्केटातून सॅमन माशाचे तुकडे घेतले. अण्णांनी तक्रार केली नाही. घरून आणलेला मसाला लावून स्वतः तळले, आणि पहिला तुकडा नातीच्या ताटात वाढला.

"डिड यू कॅच इट, आजोबा?" तिने गळ ओढल्याची खूण करत विचारलं.

मी अण्णांकडे पाहिलं. एवढं एक 'हो' म्हणतील, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "म्या धरल्याला तुझ्या बापानं पाण्यात टाकला."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढून घेतला.