पांढरी निघालेली तार

दोन यंत्रं असोत की दोन रुसलेले भाऊ, आमच्या कंपनीतल्या, सगळ्यांच्याच केबलवाल्या मामांना जोडता आलं नाही असं काही मी सोलापुरात अजून पाहिलेलं नाही. मामा मूळचे मागावरचे. तुटलेलं सूत सांधण्यात अर्धी हयात गेली, माग बंद पडला आणि तीच बोटं केसाएवढ्या काचेच्या फायबरवर आली. फायबर जोडताना ते श्वास रोखतात आणि आसपासच्यांनाही रोखायला लावतात. एकदा नेमकी तेव्हाच एका प्राचार्यांना शिंक आली, तर मामांनी त्यांना हात जोडून व्हरांड्यात नेऊन सोडलं. फायबरला अरुंद वळण दिलं की उजेड बाहेर सांडतो, म्हणून असं वळण त्यांच्या लेखी पापच. सख्ख्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना ते व्हिडिओवाल्याची चुरगळलेली वायर सोडवत स्टेजजवळ वाकले होते. मामी नवरानवरीऐवजी त्यांच्यावरच अक्षता फेकत होत्या.

मला ते ‘इंजिनिअर’ म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं चिडवायला. घराण्यातला मी पहिला पदवीधर. पहिलं मोठं काम एका कॉलेजच्या नेटवर्कचं मिळालं. सगळ्या तारा जिथं एकत्र येतात त्या स्विचच्या पेटीपासून खोल्यांपर्यंतची केबल मीच निवडली. खोक्यावर छापलेलं सगळं बरोबर होतं, केबलमधल्या आठ तारांचे टेस्टरवरचे आठही दिवे हिरवे लागले. पण लांबच्या खोल्यांतले कॅमेरे, ज्यांना वीजही त्याच केबलमधून जायची, सारखे बंद पडू लागले. दोन दिवस मी स्विचला दोष दिला. मग मामांनी ब्लेडनं तार खरवडली. वरचा तांब्याचा मुलामा निघाला, आत पांढरं अॅल्युमिनियम; त्यातून लांबवर वीज पुरेशी पोचतच नव्हती.

“कापड घेताना हात लावून बघतोस की. मग तार नुसती वाचून घेतलास व्हय?”

नोकरी कायम व्हायला आठवडा राहिला होता. साहेबांना कळलं तर बिऱ्हाड उचलून गावी. दुकानदारानं परस्पर माल बदलला असं सांगू या का, मी हळूच विचारलं. मामांनी खोटी केबल नीट गुंडाळली आणि म्हणाले, “चल, मी येतो संगट.”

साहेबांपुढे मी सगळं खरं सांगितलं. मग मामा बोलले, “पोरगं आपणहून आलंय की साहेब. तार मी बदलून देतो. ह्याला ठिवा.” रविवारी आम्ही दोघांनी छतातून सगळी केबल ओढून काढली आणि खरवडून पाहिलेली नवी टाकली. नोकरी राहिली.

पुढे मामा गावी, टेंभुर्णीला आमच्या घरी जेवायला आले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या वडिलांनी विचारलं, पोराचं काम कसं हाय? माझा घास हातातच राहिला. मामा आमटी भुरकत म्हणाले, “शिकल्यालं पोरगं हाय तुमचं. त्याला काय अवघड?”

वडील ते वाक्य अजून एसटी स्टँडवर भेटेल त्याला ऐकवतात. पदवीनं पोराची नोकरी पक्की केली, असं घरी सगळे धरून चालतात. खरं काय ते सांगायचं ठरवून मी दर वेळी गावी जातो, आणि त्यांचा चेहरा बघून तसाच परत येतो.