पाटावर बसलेली पंधरा छत्तीस

माझ्या मुलीच्या हळदीत आत्याचा मान एका ट्रकला मिळाला. त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आम्ही उरणचे. वडिलांपर्यंत मिठागर होतं, आता ट्रक आहेत. आमच्याकडे लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणते आणि गाण्यात जे सांगेल ते बायका त्या क्षणी करतात. ती गाईल तसंच व्हायचं, शंका काढायची नाही. आमच्या घरची धवलारीण म्हणजे माझी सखूआत्या. शिवाय मला बहीण नाही, म्हणून लग्नातली मावळण, म्हणजे मानाची आत्या, तीच. नवरीच्या आधी तिला पाटावर बसवून तिच्या पायांना हळद लावायची असते. त्यासाठी तिने स्वतःचा शिसवी पाट चार दिवस आधीच घासूनपुसून ठेवला होता.

आणि ऐन हळदीच्या आदल्या दिवशी आत्याचा घसा बसला. आधीच्या लग्नांत गाऊन गाऊन तिचा आवाज पार गेला होता.

"दामू," ती कशीबशी कुजबुजली, "माजी गानी कागदावं उतरव. पोरी वाचून बोलतील. पन सबूद माजाच पायजे हां."

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालवतो, म्हणून घरात माझी तज्ज्ञांत गणना होते (इतर कोणी चालवतच नाही). ती कानाशी कुजबुजायची, मी टाइप करायचो. मी 'करवली' लिहिलं, कॉम्प्युटरने 'करवत' केलं. 'मावलन' लिहिलं, त्याने 'मावळत' केलं. मी पुसून पुन्हा लिहिलं, त्याने नम्रपणे पुन्हा बदललं. माझ्या ऑफिसात माझंच ऐकेना!

मी नवरीकडे, म्हणजे माझ्या कविताकडे धावलो. घरात तिलाच यातलं कळतं. पण तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी.

"पप्पा, सेटिंगमध्ये जा आणि ऑटोकरेक्ट बंद करा."

"ते कुठं असतं?"

"वर बघा ना."

मी वर बघितलं. वर पंखा होता. शेवटी सेटिंगमध्ये शिरून मी काहीतरी बंद केलं, तर अक्षरं मुंगीएवढी झाली आणि 'करवत' तशीच राहिली.

मग मला एक कल्पना सुचली. (मला कल्पना सुचली की माझी बायको सुनंदा देवापाशी दिवा लावते.) आमच्या धंद्यात गाडीला नाव नसतं, नंबर असतो. कॉम्प्युटर नंबरांना हात लावत नव्हता. मग अडणाऱ्या शब्दांच्या जागी तूर्त गाड्यांचे नंबर घालावेत आणि शेवटी सगळे एकदम बदलावेत! करवलीला नवी कोरी बावीस बावीस दिली. मावळणीला आमची सर्वांत जुनी पंधरा छत्तीस. छापून एकदा नजरेखालून घालू, मग बदलू, म्हणून कागद काढले आणि तेवढ्यात मंडपवाल्याने हाक मारली. मी गेलो, तो बदलायचं विसरूनच गेलो. सुनंदाने कागद उचलले आणि बायकांना वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी पंगतीचं बघत होतो, तर मांडवातून सूर आला:

"यो गो बावीस बावीस, कलश धर..."

एकीनेही शंका काढली नाही. "घरची लक्ष्मीच हाय ती," असं म्हणून बायकांनी ड्रायव्हरला पिटाळलं. बावीस बावीस मांडवाच्या तोंडाशी आली आणि तिच्या बॉनेटवर कलश चढला. मला वाटलं सुनंदाची हौस असेल. सुनंदाला वाटलं माझी.

"पंधरा छत्तीसला आना, पाटावं बसवा..."

आता पंधरा छत्तीस दोन वर्षं गॅरेजमागे उभी. चालू होणं तिने सोडून दिलंय. पण धवल्यात आलं म्हटल्यावर आणायलाच हवी. सगळी पाहुणेमंडळी ढकलायला गेली. ढकलणाऱ्यांत मीही होतो, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पहिल्या धक्क्याला मांडवाचा एक बांबू गेला. आत्या दोन्ही हात हवेत नाचवत होती.

"आत्या बोलते जोरान ढकला," सुनंदाने सांगितलं. आम्ही जोराने ढकललं.

पुढचं चाक शिसवी पाटावर चढलं. कट्ट असा आवाज झाला.

"तिचे पायांना हलद लावा..."

सगळ्या चाकांना हळद लागली. तेव्हा कविता उठली आणि तिने मेंदीच्या बोटांनी कागद ओढून घेतला.

"पप्पा, हा गाडीचा नंबर कुणाच्या जागी घातलाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मावळणीच्या," मी म्हणालो.

आत्या आपल्या पाटाचे दोन तुकडे बघत उभी होती. तिचे डोळे भरले होते. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. सुनंदाने आतून दुसरा पाट आणला, मी आत्याचा हात धरून तिला बसवलं आणि हळदीची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसलो. पण गाण्याशिवाय हळद लागणार कशी? बायका कागद उघडेनात. तेव्हा आत्यानेच फुटक्या आवाजात ती ओळ म्हटली. एवढी बेसूर ती आयुष्यात कधी गायली नसेल, पण मांडवात सगळ्यांचे डोळे पुसणं चाललं होतं.

लग्नानंतर तिचा आवाज परत आला. पहिलं वाक्य मलाच मिळालं. "म्हातारी झाली म्हनून मना खटारा गाडीचा नंबर दिलास कं रे?"

"आत्या, ती आपली सर्वांत जुनी, मानाची..."

"मंग तो मान तूच ठेव."

तेव्हापासून ती मला दामू म्हणत नाही, पंधरा छत्तीस म्हणते. आता सुनंदाही म्हणते. मी तक्रार केली, तर म्हणाली, "चुकीचं काय आहे त्यात? ढकलल्याशिवाय तुम्ही तरी कुठे हलता?"