बोटावर बसून गेलेला बा

आमची काकी सांगली शहरातली. लग्न होऊन कुंडलच्या बाजूला आमच्या गावी आली, आणि पहिल्याच दिवशी भांगलायला नेली तर तिनं गवत ठेवून भुईमूग उपटला. आईनं कपाळावर हात मारला. वडील पलटणीत, लढाईवर गेलेले. शेत आई आणि काका ओढत होते. त्यात हे असलं काम परवडणारं नव्हतं.

"तू आपली घरीच बस, बाई," आई म्हणाली. "पोरं राख."

पोरं म्हणजे नऊ वर्षांची मी, तीन वर्षांची माझी धाकटी बहीण, आणि गोष्टीच्या वासानं येणारी गल्लीतली चार-सहा टाळकी. काकीकडे गोष्टी होत्या पोतंभर. पण फुकट नाही. दुपारची भाकरी झाली की ती बाहेरच्या सोप्यात बसायची, पुढ्यात कडब्याची धाटं नाहीतर विहिरीवरचा काळा चिखल ठेवायची आणि म्हणायची, "हात थांबले की गोष्ट थांबली."

आणि खरंच थांबायची. राजा विहिरीत पडलेला असायचा, आणि कुणीतरी आ वासून ऐकत बसलं की काकी गप्प. मग आम्ही त्या पोराला चिमटे काढायचो. धाटं सोलून आतल्या पांढऱ्या भेंडाच्या गाड्या केल्या, चष्मे केले. चिखलाचे हत्ती केले, त्यांना गुंजांचे डोळे लावले. हळदीत चुना कालवला की लालभडक रंग होतो हे काकीनं दाखवलं तेव्हा तर आम्ही सगळा गोठाच रंगवला. म्हशीसकट. त्या दिवशी काका काकीला पहिल्यांदाच रागावले आणि मधेच हसले, म्हणून तो राग काही लागला नाही.

एकदा धाकटीनं विचारलं, "माझा बा कशात बसून गेला?" वडील गेले तेव्हा ती रांगत होती. तिला त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता, आणि घरात फोटोही नव्हता. काकीनं लगेच समुद्रापार जाणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट लावली. शेवटी म्हणाली, "तसाच तुझा बा बोटीत बसून गेला," आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाली.

आता आमच्याकडं समुद्र कुणी पाहिलाय? धाकटीनं आपलं इवलंसं बोट वर धरलं आणि मला विचारलं, "ह्या बोटावर?"

मी म्हणाले, "व्हय. त्याच."

माझा स्वभावच तसा. कुणी भोळेपणानं विचारलं की माझ्या जिभेला खाज सुटते, आजही सुटते. नुसतं बोलून थांबले नाही. काकीची काजळाची डबी आणली, तिच्या बोटावर दोन डोळे काढले, झुबकेदार मिशी काढली आणि भेंड कोरून पलटणीची टोपी घातली. काकीचीच शिकवण, हात थांबायला नकोत.

तेव्हापासून आमच्या घरात वडील नांदू लागले. धाकटी त्यांना तूप चाखवायची. गरम दुधात बोट बुडालं की "बाला पोळलं" म्हणून फुंकर घालायची. काकीला प्रकार कळला तेव्हा तिनं करवंटी पाण्यात सोडून, बोट म्हणजे ही, असं तिला दहादा सांगितलं. धाकटीनं करवंटीत बोट टेकवलं आणि म्हणाली, "बसला." काकीनं हात टेकले.

मग तो दिवस आला. दोन महिने वडिलांचं पत्र नव्हतं. आईचं जेवण कमी झालं होतं आणि बोलणं त्याहून कमी. सकाळी काकी धाकटीला न्हाऊ घालत होती. आदल्या दिवशी मी नव्यानं गिरवलेलं काजळ कच्चं होतं. पाणी पडलं, मिशी वाहून गेली, आणि धाकटीनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा टाहो फोडला, "बा गेला! माझा बा गेला गं आये!"

आई पाण्याची कळशी घेऊन दारात येत होती. कळशी पडली आणि तीही तिथंच मटकन खाली बसली. शेजारच्या बाया धावल्या. एकीनं तर काही न विचारताच गळा काढला. काकी ओल्या धाकटीला काखेत मारून बाहेर आली आणि तिचं रिकामं बोट सगळ्यांपुढं धरून ओरडली, "अहो, हा गेला, हा! काजळाचा!"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आई हसली नाही. तिनं माझ्या पाठीत चार धपाटे घातले आणि मग मलाच पोटाशी धरून रडली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. धाकटी अजून हुंदके देत होती, म्हणून आईनं डोळे पुसले, काजळाची डबी मागितली आणि त्या बोटावर स्वतः मिशी काढली. टोकं वर वळवलेली. मी काढायचे ती सरळ असायची. वडिलांची मिशी कशी, हे तिला ठाऊक.

लढाई संपली आणि वडील आले. स्टेशनवरून येणारी बैलगाडी दिसली तशी मी आईच्या मागं सरकले. धाकटी आता चार वर्षांची. मी तिच्या डोक्यात जे भरून ठेवलं होतं त्याचं आज काय होणार, हे मला एकटीलाच कळत होतं. वडील उतरले. सहा फूट माणूस, उन्हानं काळा पडलेला. तिच्यापुढं उकिडवे बसले, हात पसरले आणि म्हणाले, "ये की गं."

धाकटी दोन पावलं मागं सरली. "ह्यो न्हवं. ह्यो लय मोठा हाय. माझा बा एवढाच हाय," असं म्हणत तिनं आपलं मिशीवालं बोट दाखवलं.

सगळे हसले. वडीलही हसले, पण त्यांचे पसरलेले हात तसेच राहिले आणि तोंड उतरलं. मला राहवलं नाही. मी रडत रडत सगळं ओकून टाकलं, बोटीपासून टोपीपर्यंत. वाटलं, आता पलटणीचा हात पाठीत बसणार.

ते म्हणाले, "काजळ आण."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटावर डोळे काढले, वर वळवलेली मिशी काढली आणि ते बोट नाचवत बारीक आवाजात बोलू लागले, "आगं, बोटीत लय हाललो. समुद्राचं पाणी प्यालो आणि हा बघ केवढा फुगलो!" धाकटी एकदा बोटाकडं बघे, एकदा वरच्या तोंडाकडं. दोन्हीकडं मिशी सारखीच. हळूच तिनं ते बोट मुठीत धरलं, आणि बोट धरून वडिलांना घरभर फिरवून आणलं. गोठाही दाखवला, रंगवलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील न्हाणीत अंघोळीला बसले आणि धाकटी पाणी घालायला गेली. तांब्या ओतला, आणि त्यांच्या बोटावरची मिशी वाहून गेली. आम्ही सगळे न्हाणीच्या दारात उभे. आईच्या हातातली कळशी मी आधीच काढून घेतली होती.

धाकटीनं रिकामं बोट पाहिलं. मग वर पाहिलं. दोन्ही ओल्या हातांनी वडिलांची मिशी खसाखसा चोळली, पुन्हा चोळली, आणि वळून आनंदानं ओरडली, "आये, ह्यो बा जात न्हाई!"