चिंबोरी पाण्यात कुणी घातली

नितीनदादा. रेवदंड्याचा, गॅरेजवाला, आमच्या बँडचा गिटारिस्ट. त्याच्याशी मी वाईट वागले ते चार वर्षांपूर्वी, होळी पौर्णिमेच्या सकाळी. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

चिंबोरी तुम्ही पाहिली असेल. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचं छप्पर कापून, बॉनेट काढून, इंजिन उघडं ठेवून दादाने बनवलेली लालभडक गाडी. पुढची चाकं खेकड्यासारखी अशी फाकलेली की गावाने तिचं नाव चिंबोरीच ठेवलं. मागच्या सीटच्या जागी ड्रम. आमचं पहिलं गाणं तिच्या इंजिनाच्या धडधडीवरच सुरू होतं, आणि त्या ठेक्यावर मी गायला शिकले. शिकवलं कुणी? त्यानेच. बुद्धवाड्यातली पोरगी रॉक गाते म्हणून लोक हसायचे, तेव्हा तो म्हणायचा, "हसू दे गो. तू जोरात गा, म्हंजे त्यांचं हसणं ऐकायला येणार न्हाय."

आणि मी? मी पत्रकं काढणारी. ‘किनाऱ्यावर गाड्या घालताना लाज वाटत नाही का?’ ही ओळ माझीच. पर्यटकांची गाडी रुतली की सगळ्यात मोठा आवाज माझा.

त्या सकाळी मी व्हिडिओसाठी चावी मागितली. "रस्त्यावर काय ते कर, पुळणीत घालू नको," दादा म्हणाला. मी वाळूतच घातली. मोबाइल तिपाईवर लावला, सोबत कुणी नाही. पौर्णिमेची ओहोटी, वाळू लांबवर उघडी. जितकं पाणी मागे जातं तितकंच आत येतं, हे किनाऱ्यावर वाढलेल्या मला माहीत नव्हतं? होतं. पण अजून एकदा गाऊ, अजून एकदा — आणि चाकं रुतली. पाणी इंजिनात शिरलं.

मी फोन केला तसा दादा दोर आणि ट्रॅक्टर घेऊन धावला. कमरेएवढ्या पाण्यात तोच उभा, म्हणून जमलेल्यांनी गृहीत धरलं — गाडी यानेच घातली. मी कोरड्या वाळूवर होते. एकाने विचारलंसुद्धा. मी म्हणाले, "गाडी दादाची. त्यालाच विचारा."

हा भित्रेपणा झाला. पुढचं त्याहून वाईट. पुढच्या पत्रकात मीच लिहिलं — ‘आपले स्थानिक कलाकारही तितकेच बेजबाबदार.’

दादाने ते वाचलं. ऑइलचे हात पुसले. "झ्याक लिवलंस," म्हणाला, "डायवर तेवढा चुकला."

बस्स. कुणाला एक शब्द नाही. इंजिन सुटं केलं, मीठ धुतलं, आणि चिंबोरी पुन्हा धडधडली तेव्हा पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसवलं — मला.

आज मी ज्या आवाजात सभेत बोलते, तो आवाज त्याने दिलाय. तरी नाक्यावर पोरं अजून ओरडतात, "काय रे बुडव्या, आज पोहायला न्हाय नेलीस?" तो हसतो. शेजारी बसून मीही हसले आहे.

कारणं देत नाही. माफी तुमच्याकडे मागायची नाहीच. पण पुढच्या वेळी कुणी त्याला बुडव्या म्हणालं, तर गप्प बसू नका. तिथेच अडवा आणि सांगा — गाडी प्रज्ञाने बुडवली.