पायाळू आईची कंबर

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या वर्षी, बेंदराच्या सकाळी, बैलांची शिंगं रंगवायच्या वेळेला, आमच्याच घराच्या सोप्यात. करणारे कुणी परके नव्हते.

आईच्या मणक्याची गादी सरकली होती. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. एसटीचे दणके तिला सोसले नसते, म्हणून मी तिला लोणंदहून रेल्वेनं सांगलीला मावशीकडं नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघितला, पाय उचलून बघितले आणि स्पष्ट सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही. पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर तडक या. नाहीतर थोडे दिवस गोळ्या, रोज चालणं, रोज व्यायाम, आणि वाकून ओझं उचलणं, पाय झटकणं बंद. अंथरूण धरून पडायचंही नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला लावली. म्हणाल्या, "कळ पायातनं वर सरकायला लागली की समजा, बरं होतंय." मावशीकडं असताना ती सरकलीही. अंगठ्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत. परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसून शेंगा खात होती. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! घरी आई पालथी पडली की कुणाला तरी नेमका चहा आठवायचा. माझे वडील निवृत्त फौजी, उभी नोकरी पीटी करण्यात गेली. तेच म्हणायचे, "ही कसली पीटी? पालीवानी पडलीया." शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. ऑपरेशन म्हटलं असतं तर अख्खी भावकी मोसंबी घेऊन दवाखान्यात आली असती. व्यायाम म्हटलं की बाईला आळस चढला. आणि वैरणीचा भारा? तो तिच्याच डोक्यावर.

त्यात आई पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेत भरलेली उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. आणि पायाळूनं दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं.

त्या सकाळी बैलानं हिसडा दिला आणि शेजारच्या काकांची कंबर धरली. हाताला शिंगांचा लाल रंग तसाच, वाकूनच आले. आई तेव्हा कोपरांवर होती.

"वैनी, उठा वो. हाना एक लाथ, बैलं खोळंबल्यात."

"आवं भावजी, माझीच कंबर गेलीया. मीच एकादा पायाळू हुडकतीया."

सगळे हसले. मी म्हटलं, "तिनं पाय झटकायचा न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर पायाळू हाय का?" वडील म्हणाले. "ऊठ गं. सणाचं मानूस दारात हुबं हाय."

आई उठली. एका हातानं भिंत धरून तिनं डावा पाय उचलला, काकांच्या कमरेला लावला, आणि तिथंच खाली बसली. कळ पुन्हा अंगठ्यात उतरली होती. काका मात्र ताठ! "गेली बघा उसण!" म्हणत शिंगं रंगवायला निघाले. संध्याकाळी हलगीपुढं तेच नाचत होते.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी घरात निकाल दिला. "बघितलंस? व्यायामानं काय हुतंय? आता चिरूनच घ्यायचं." ज्या व्यायामाला या घरानं एकदाही सलग वेळ दिला नाही, तो म्हणे हरला! माझ्या तोंडाला फेस आला, तरी कुणी ऐकेना. शेवटी आईच म्हणाली, "चिरल्यावर तरी भारा कोन आननार हाय?" तिनं खाली सतरंजी टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता कळ पोटरीपर्यंत वर आलीय. मी घरी असते तेव्हा भारा मी आणते. पण अशी कमरेच्या व्यायामाची पत्रकं वाटायला साताऱ्याला गेले की तो परत तिच्याच डोक्यावर जातो, आणि माघारी येते तेव्हा कळ पुन्हा खाली उतरलेली असते.

तुमच्या घरातही कुणीतरी कमरेवर हात ठेवून भाकरी थापत असेल. तिला मोसंबी नकोत, कीवही नको. ती पालथी पडली की तेवढा वेळ चहा मागू नका. आणि आजची वैरण तुम्ही आणा. उठा.